छोट्या लाइनीचा रंग कोणी ठरवायचा?

२०१५ साली नागपूर-छिंदवाडा आणि २०१९ साली नागपूर-नागभीड या अरुंदमापी मार्गांवरील गाड्या बंद झाल्या आणि नागपूरकर जिला ‘छोटी लाइन’ म्हणत, तिचे या शहरातील शतकभराचे आयुष्य संपले. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, वेग बेताचा, डबे असे की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागावेत. तिच्या जागी रुंद रूळ आले ही विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या दृष्टीने इष्टच गोष्ट झाली. तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण रूळ उखडले गेले तरी त्यांवरून धावलेली काही इंजिने, डबे आणि वाघिणी मागे राहिल्या आहेत. नागपुरात मोतीबाग येथे १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात अशी वाहने जतन केलेली आहेत. इतरत्रही स्थानकांसमोर आणि कार्यालयांच्या आवारांत जुनी इंजिने चौथऱ्यांवर उभी केलेली दिसतात. ही वाहने टिकवायची तर त्यांना वेळोवेळी रंग द्यावाच लागतो. तेव्हा प्रश्न निघतो, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही : कोणता रंग द्यायचा, आणि त्यावर कोणती अक्षरे लिहायची?

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर ‘डोळ्यांना बरा दिसेल तो’ असे असते. चौथऱ्यावरचे इंजिन लाल-हिरवे व्हावे, चाकांच्या कडा पांढऱ्या व्हाव्यात, पट्ट्यांना सोनेरी मुलामा यावा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, एवढ्यावर समाधान मानले जाते. दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, तसे जुन्या लोखंडाला चकचकीत रंग फासला की त्याचा ‘वारसा’ होतो, अशी ही समजूत आहे. वस्तुतः रेल्वेच्या वाहनावरील रंग हा कधीच केवळ शोभेचा नव्हता. तो लोखंडाचे आणि लाकडाचे संरक्षण होता, मालकीची खूण होता, आणि त्यावरील अक्षरे म्हणजे उघड्यावर लिहिलेली हिशेबाची वही होती. ही वही न वाचताच तिच्यावर नवा थर चढवणे म्हणजे जुन्या खतावणीच्या पानांवर चुना फिरवण्यासारखे आहे.

तेल, शेंदूर आणि गेरू

रंगाचा डबा हे त्या काळच्या अर्थव्यवस्थेचे छोटेसे चित्रच होते. लोखंडावर पहिला हात शेंदराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या भस्माचा. गंज रोखण्याचा त्याचा गुण जगभरच्या लोहारकामाला ठाऊक होता. मालवाहू वाघिणींना लालसर तपकिरी रंग देण्याची पद्धत अनेक देशांत पडली, तिचे कारण कुणा अधिकाऱ्याची आवड हे नव्हे. तो रंग लोहाच्या भस्माचा, आपल्या गेरूच्या कुळातला. तो स्वस्त, उन्हाने न विटणारा आणि मळ झाकणारा. इंजिनाच्या काळ्या रंगामागेही काजळीची स्वस्ताई आणि कोळशाच्या धुरातील व्यवहारज्ञान होते. हिरवा, निळा किंवा किरमिजी रंग महाग पडे. म्हणून असा रंग जिथे दिसे, तिथे कंपनीला काहीतरी दाखवायचे आहे हे समजून घ्यावे.

याचे आपल्याकडील ठळक उदाहरण मुंबई-पुण्याच्या मार्गावरचे. १९३० साली ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली तेव्हा तिच्या एका गाडीचे डबे रुपेरी असून त्यांवर लाल पट्ट्या होत्या आणि दुसरीचे गडद निळे असून त्यांवर सोनेरी रेघा होत्या. आरंभी त्या गाडीत फक्त पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रुपेरी-सोनेरी थाटाचा अर्थ कळतो. सातपुड्याच्या जंगलातून मॅंगनीज, लाकूड आणि तिसऱ्या वर्गाचे उतारू वाहणाऱ्या छोट्या लाइनीला असा थाट परवडणारा नव्हता. आज तिच्या डब्यांना असा थाट बहाल करणे म्हणजे गरीब कुटुंबाच्या जुन्या छायाचित्रावर मागाहून दागिने रंगवण्यासारखे होईल.

हे सारे रंग कालवले जात ते जवसाच्या तेलात. येथे नागपूरचा संबंध अधिकच जवळचा आहे. गहू आणि कापसाबरोबर जवस हे जुन्या मध्य प्रांताचे निर्यातीचे महत्त्वाचे पीक होते. एकोणिसाव्या शतकात ते रेल्वेने बंदराकडे आणि तेथून विलायतेला जाई, आणि विलायती रंग व वार्निश डब्यांत भरून इकडे येई. हावड्यात शालिमार रंगांचा कारखाना १९०२ साली निघाला, तोवर या देशात मोठा असा रंगाचा कारखाना नव्हता. कच्चे बी बाहेर आणि पक्का माल आत, हा वसाहतीच्या व्यापाराचा जो पाठ महाविद्यालयांत शिकवला जातो, तो रंगाच्या एका डब्यात सामावलेला होता. आणखी एक योगायोग असा की, जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून ते तापवताना त्यात मॅंगनीजची संयुगे घालण्याची रीत होती. नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या खाणींतून छोट्या लाइनीने जे खनिज वाहिले, त्याच जातीच्या पदार्थाने तिच्या अंगावरचा रंग वाळत असे.

अक्षरांचा हिशेब

रंगापेक्षाही अक्षरे अधिक बोलकी आहेत. वाघिणीच्या बाजूवर तिचे रिकामे वजन आणि वहनक्षमता लिहिलेली असते. भरलेली वाघीण काट्यावर चढवायची, त्यातून रंगवलेला आकडा वजा करायचा, आणि उरेल त्या वजनावर भाडे आकारायचे, हा त्यामागचा व्यवहार. तो आकडा चुकला तर एक तर व्यापारी बुडतो किंवा रेल्वे बुडते. म्हणून वाघीण पुन्हा तोलली की आकडाही पुन्हा रंगवायचा. डब्यावर बसण्याची संख्या, कारखान्याचे संक्षिप्त नाव आणि मोठ्या दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. इंजिनाच्या वर्गनामात ‘झेड’ हे अक्षर असले की ते अडीच फुटी मापाचे, ‘एन’ असले की दोन फुटी मापाचे. गाडीच्या शेवटच्या डब्यावरील फुलीची खूण पाहून स्थानकातील माणूस ठरवतो की गाडी पुरी आली, मागे डबे सुटून राहिले नाहीत. यातले एकही अक्षर शोभेसाठी नाही. कुठे पैशाचा, कुठे कामगाराच्या जबाबदारीचा, तर कुठे उतारूच्या जिवाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

मालकीची आद्याक्षरे पाहिली तर या प्रदेशाचा राजकीय इतिहासच समोर येतो. छोट्या लाइनीची मालकीण बंगाल-नागपूर रेल्वे. ही कंपनी १८८७ साली स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात तिने गोंदिया, जबलपूर, छिंदवाडा, नागपूर, नागभीड आणि चांदा यांना जोडणारे अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. १ ऑक्टोबर १९४४ रोजी या रेल्वेचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. १९५२ साली ती पूर्व रेल्वेत विलीन झाली, १९५५ साली त्यातून दक्षिण-पूर्व रेल्वे वेगळी निघाली, आणि २००३ साली बिलासपूर हे मुख्यालय ठेवून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे अस्तित्वात आली. गार्डन रीचच्या कंपनीपासून बिलासपूरच्या विभागापर्यंत मालकाची आद्याक्षरे अशी चार वेळा ठरली. जे वाहन या सगळ्या काळात रुळांवर राहिले, त्याच्या अंगावर या चारही राजवटींचे थर एकावर एक चढलेले असण्याचा संभव आहे. इतक्या थोड्या जागेत इतका इतिहास दप्तरखान्यातही सहसा सापडत नाही.

यांत आणखी दोन गोष्टींची भर घालावी लागेल. पहिली वर्गाची. दारावरचा रोमन आकडा हा प्रवाशाचा समाजातील दर्जाच सांगत असे. १९७४ साली तिसरा वर्ग नावापुरता संपला आणि दारांवरच्या तीन रेघांच्या दोन रेघा झाल्या. बाके बहुधा तीच राहिली असतील. पण ती एक रेघ पुसण्यामागे स्वतंत्र देशाने स्वतःला दिलेले एक आश्वासन होते. दुसरी गोष्ट लिपीची. स्वातंत्र्यानंतर रोमन आद्याक्षरांच्या शेजारी देवनागरी आली. रोमन अक्षरांसाठी पत्र्याचे साचे पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. देवनागरीची शिरोरेषा मात्र साच्यात सलग कापली तर पत्राच दुबळा होतो, म्हणून ती मध्येमध्ये तोडावी तरी लागते किंवा हाताने ओढावी तरी लागते. कामगार रंगाऱ्याने हा प्रश्न सोडवला तो पट्टी, दोरी आणि सवयीच्या मनगटाने. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे. त्यामुळे एखाद्या पाटीवर ती अक्षरे कशी काढली आहेत यावरून ती लिहिणाऱ्याचा हात कोणत्या शाळेत घडला, हेही कळू शकते. नागपूर-छिंदवाडा मार्गाची दोन टोके दोन भाषांच्या प्रदेशांत होती, हे ध्यानात घेता हा तपशील क्षुल्लक म्हणता येणार नाही.

डोळे फसतात, आठवणीही

जुना रंग ठरवायला अवघड काय आहे, जुनी छायाचित्रे पाहावीत, म्हाताऱ्या माणसांना विचारावे, असे कोणी म्हणेल. दोन्ही करावे, पण दोन्हींवर विसंबू नये. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतेक छायाचित्रांच्या काचा तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. तांबडी वस्तू त्यांत काळी उमटे आणि निळी वस्तू फिकी. अशा छायाचित्रावरून ‘हे इंजिन काळे होते’ असा निर्वाळा देणारा मनुष्य किरमिजी इंजिनालाही काळे ठरवून मोकळा होईल. रंग स्वतःही बदलतो. वार्निश पिवळे पडले की त्याखालचा निळा हिरवट दिसतो. शिशाचा सफेदा गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो. जवसाच्या तेलातला पांढरा अंधारात पिवळतो.

नावांचा भरवसा तर त्याहून कमी. इंग्लंडमधील लंडन-ब्रायटन रेल्वेचे अभियंते विल्यम स्ट्राउडली यांच्या इंजिनांचा रंग ‘सुधारित इंजिन-हिरवा’ या नावाने प्रसिद्ध होता. प्रत्यक्षात तो पिवळ्या मातीसारखा सोनसळी होता. कागदोपत्री ‘हिरवा’ हा शब्द वाचून कोणी त्या इंजिनाला हिरवे रंगवले असते, तर पुरावा हातात असूनही ते चुकले असते. म्हणूनच पुढे रंगांना नावांबरोबर क्रमांक देण्याची पद्धत आली. आपल्या भारतीय मानकांतही तयार रंगांच्या छटांची क्रमांकित यादी आहे. ‘लाल’ या शब्दावर वाद होतो, क्रमांकावर होत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. डुरॅंगो ते सिल्व्हर्टन या तीन फुटी मापाच्या डोंगरी मार्गावरचे डबे १९५० च्या सुमारास चित्रपटाच्या निमित्ताने भडक पिवळे रंगवले गेले. प्रवाशांना ते आवडले, रंग तसाच पुढे चालू राहिला, आणि काही वर्षांत ‘जुनी गाडी म्हणजे पिवळी गाडी’ असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. चित्रपटासाठी दिलेला रंग अशा रीतीने इतिहास म्हणून रूढ झाला. त्या देशात अरुंदमापी गाड्यांचे हौशी अभ्यासक एकेका छटेवर आणि अक्षराच्या उंचीवर वर्षानुवर्षे वाद घालतात, याची थट्टा करणे सोपे आहे. पण त्या वादाच्या मुळाशी असलेली वृत्ती, म्हणजे पुराव्याशिवाय भूतकाळावर हात फिरवायचा नाही ही, थट्टेचा विषय नाही. आपल्याकडे तिचीच उणीव आहे.

थर खरवडण्यापूर्वी

मग खरा साक्षीदार कोण? तो वाहनाच्या अंगावरच आहे. जिथे ऊन-पाऊस पोचत नाही अशा जागी, पाटीमागे, बिजागरीखाली किंवा बाकाच्या आड, रुपयाएवढ्या जागेत रंगाचे थर पायरीपायरीने घासत गेले तर लाकडाच्या वयाची वर्तुळे दिसावीत तसे एकामागून एक रंग दिसू लागतात. ती कपची सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की शेंदूर कुठे, गेरू कुठे, आणि अलीकडचा कृत्रिम रंग कुठे, हे ओळखता येते. देवस्थानांत शतकांच्या शेंदराचे कवच गळून पडते आणि आतली रेखीव मूर्ती प्रकटते, असे आपण ऐकतो. येथे फरक इतकाच की कवच आणि मूर्ती दोन्ही इतिहासच आहेत. नव्या रंगाची तयारी म्हणून सगळे डबे लोखंडी ब्रशाने किंवा वाळूच्या झोताने एकदा साफ केले, की मात्र हा साक्षीदार कायमचा मुका होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात उघड्यावरचा रंग फार वर्षे टिकत नाही, त्यामुळे रंगकामाची पाळी वारंवार येते आणि प्रत्येक पाळीला थोडा पुरावा नाहीसा होतो.

हे काम नागपूरला पेलणारे नाही असे म्हणता येणार नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मॅंगनीजच्या खाणींतून मिळवलेल्या संपत्तीचा मोठा भाग विज्ञानशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिला. त्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली तंत्रज्ञान संस्था तेल आणि रंग या विषयांच्या अध्यापनासाठी नावाजली. २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. ज्या खनिजाची वाहतूक छोट्या लाइनीने केली, त्याच खनिजाच्या पैशातून निघालेली ही संस्था. तिच्या विद्यार्थ्यांनी त्या लाइनीच्या डब्यांवरचे थर तपासावेत, याहून उचित परतफेड कोणती? शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना अक्षरांची मापे आणि वळणे उतरवून घेता येतील. अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना रिकाम्या वजनाचे आकडे आणि दुरुस्तीच्या तारखा नोंदवता येतील. आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले रंगारी जोवर आपल्यात आहेत, तोवर त्यांच्याकडून साचे कसे कापत, तेल किती घालत, कोणता रंग किती दिवस वाळू देत, हे लिहून घेता येईल. यासाठी लागणारा खर्च नव्या रंगकामाच्या खर्चापुढे नगण्य आहे. बदलायचा आहे तो केवळ क्रम : आधी नोंद, मग रंग.

एवढे करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो रसायनशास्त्राने सुटणारा नाही. चार राजवटींपैकी कोणत्या राजवटीचा रंग खरा मानायचा? सर्वांत जुना तो सर्वांत खरा, असे मानण्याकडे संग्राहकांचा कल असतो. मग प्रत्येक डब्यावर कंपनी सरकारची आद्याक्षरे झळकू लागतात आणि स्वातंत्र्यानंतरची सहा-सात दशके जणू घडलीच नाहीत असे होते. ज्या शिक्षकाने, कारकुनाने किंवा शेतमजुराने या गाडीतून उभ्या आयुष्यात प्रवास केला, त्याने बंगाल-नागपूर रेल्वेचा रंग पाहिलेला नसतो. त्याने पाहिला तो काटकसरीच्या काळातला तांबूस-किरमिजी डबा, आणि मुख्य मार्गावरच्या गाड्यांचे अनुकरण करून आलेला अखेरच्या वर्षांतला निळा डबा. त्याची आठवण कंपनीच्या मुद्रेपेक्षा कमी ऐतिहासिक का ठरावी? एखादे इंजिन कंपनीच्या काळातले असावे, एखादा डबा १९५५ नंतरच्या दक्षिण-पूर्व रेल्वेचा असावा, त्याच्या दारावर तिसऱ्या वर्गाच्या तीन रेघाही असाव्यात. आणि निदान एक डबा तरी अखेरच्या फेरीनंतर होता तसाच, विटलेल्या रंगासह, उतारूंच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या कड्यांसह, पुन्हा न रंगवता छपराखाली ठेवावा. जिथे अंदाजाने रंग द्यावा लागेल, तिथे ‘हा रंग अंदाजाने दिला आहे’ अशी पाटी लावण्यात कमीपणा नाही.

रेल्वेने आपल्या वाहनांवर लिहिलेला प्रत्येक आकडा जबाबदारीने लिहिला, कारण त्यावर पैसा आणि माणसे अवलंबून होती. आता त्या वाहनांवर भाडे अवलंबून नाही, उतारूही नाहीत. त्यांवर अवलंबून आहे ती एवढीच गोष्ट, की पुढच्या पिढीतला मुलगा त्या डब्यापुढे उभा राहून जे वाचेल, ते खरे असेल की नाही. रंगाचा पुढचा हात देण्यापूर्वी हा विचार व्हायला हवा. त्यानंतर करून उपयोग नाही.